वाचनालयं, खुली माहिती आणि डिजिटल वाचन: ठाणे–नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ठाण्यातल्या एका शासनमान्य सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर विचारले गेले आहेत. काही ऐरोली-घणसोलीकडून फोनवर आले, काही अभ्यासिकेतल्या मुलामुलींनी विचारले, काही निवृत्तीनंतर घरातलं कपाट आवरायला काढलेल्या सभासदांनी. उत्तरं ग्रंथपाल म्हणून दिली आहेत. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे ते लपवलेलं नाही.

फलकावर ‘डिजिटल वाचनालय’ लिहिलेलं असतं. आत नेमकं काय बदललेलं असतं?

प्रत्येक ठिकाणी वेगळं. काही ठिकाणी फक्त देवघेव संगणकावर आलेली असते. त्यासाठी न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि आता जगभर फुकट वापरली जाणारी ‘कोहा’ ही प्रणाली असते, नाहीतर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’. काही वाचनालयांची सूची इंटरनेटवर आलेली असते, म्हणजे घरबसल्या पुस्तक आहे की नाही ते कळतं, पण घ्यायला यावंच लागतं. काहींनी जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली असतात. आणि अनेक ठिकाणी ‘डिजिटल’ म्हणजे अभ्यासिकेत वायफाय आणि चार संगणक.

यातलं काहीही निरुपयोगी नाही. पण सभासद होताना विचारून घ्या: सूची घरून दिसते का, स्कॅन केलेली पुस्तकं सगळ्यांना खुली आहेत का, आणि संगणकावर बसायला वेगळी वर्गणी आहे का. या तीन उत्तरांवरून वाचनालय कुठवर आलं आहे ते समजतं.

पु. ल. देशपांडे, व. पु. काळे यांची पुस्तकं वाचनालयाने फोनवर का देऊ नयेत? पुस्तक तर तुमच्याकडे आहेच.

छापील प्रत आमची आहे. ती आम्ही कितीही जणांना वाचायला देऊ शकतो, जीर्ण झाली की बांधून घेऊ शकतो. मजकुरावरचा हक्क मात्र लेखकाचा, त्यांच्या पश्चात वारसांचा किंवा प्रकाशकाचा असतो. स्कॅन करून सभासदांना पाठवणं म्हणजे नव्या प्रती काढून वाटणं झालं, आणि तो हक्क वाचनालयाकडे नाही.

“एक छापील प्रत कपाटात बंद ठेवून तिच्या बदल्यात एकालाच डिजिटल प्रत दिली तर?” असं एका वकील सभासदांनी विचारलं होतं. अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयाने नेमकं हेच केलं. मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला, मार्च २०२३ मध्ये निकाल अर्काइव्हच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. तो निकाल आपल्याकडे लागू होत नाही. तरी इमारतीचं भाडं आणि कर्मचाऱ्यांचा पगार भागवता भागवता दमणाऱ्या वाचनालयाने असा धोका पत्करू नये असं मला वाटतं.

विकत मिळणाऱ्या ई-पुस्तकांचीही अडचण आहे. ते घेताना पुस्तक नव्हे, वाचण्याचा परवाना मिळतो, आणि तो बहुतेक वेळा एका व्यक्तीपुरता असतो. तो परवाना वाचनालयाला सभासदांमध्ये फिरवता येत नाही. मराठी प्रकाशकांनी वाचनालयांसाठी वेगळा परवाना द्यावा ही आमची जुनी मागणी आहे.

मग कोणतं पुस्तक सगळ्यांना मोकळं झालं आहे हे ओळखायचं कसं?

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे हिशेब सोपा आहे: मृत्यूच्या सालात ६१ मिळवा, त्या वर्षाच्या १ जानेवारीला लेखन मुक्त होतं.

साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त. वि. दा. सावरकर १९६६ मध्ये, म्हणून १ जानेवारी २०२७ पासून. अण्णा भाऊ साठे आणि आचार्य अत्रे दोघेही १९६९ मध्ये गेले, दोघांचं लेखन १ जानेवारी २०३० ला मुक्त होईल. पु. लं.साठी २०६१ उजाडावं लागेल.

पण पुस्तक म्हणजे एकाच माणसाचं लेखन असेलच असं नाही, आणि चुका इथेच होतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, त्यांच्या गाण्यांचा संग्रह १९५२ मध्ये निघाला. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या साहित्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ती गाणी २०१३ पासून मुक्त आहेत. त्याच पुस्तकाची प्रस्तावना मात्र अत्र्यांची आहे, आणि ती २०३० पर्यंत मुक्त नाही. म्हणजे गाणी टंकून तुम्ही कुठेही ठेवू शकता, पण जुनी आवृत्ती जशीच्या तशी स्कॅन करून ठेवली तर प्रस्तावनेपाशी अडाल. अनुवादाचंही तसंच. मूळ लेखक दीडशे वर्षांपूर्वीचा असला तरी अनुवादकाचा हक्क अनुवादकाच्या मृत्यूवरून मोजायचा. टिपा, परिशिष्टं, चित्रं, मुखपृष्ठ, सगळ्यांचे धनी वेगवेगळे असू शकतात.

लेखकाचं नाव नसलेलं साहित्य आणि सरकारी प्रकाशनं यांची ६० वर्षं प्रकाशनापासून. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तेरावा आणि चौदावा खंड, केव्हाच मुक्त झालं आहे. ते ऑनलाइन पूर्ण वाचता येतं, आणि ठाण्याच्या इतिहासाबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते उघडावंच.

व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ येतात. त्या वाचल्या तर काय बिघडतं?

पुढे पाठवू नका. मराठीत अनेक पुस्तकांची पहिली आवृत्ती हजारभर प्रतींचीच असते. एका मोठ्या गटावर आलेली पीडीएफ ती आवृत्ती बुडवायला पुरते. पुस्तक परवडत नसेल तर आमच्याकडे या. आमच्याकडे नसेल तर मागणी-वहीत लिहा, पुढच्या खरेदीत विचार करतो. वाचनालय याचसाठी आहे.

कायदेशीर आणि फुकट मराठी पुस्तकं कुठे मिळतील?

बरीच मिळतील. आम्ही वाचकांना ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने लिहितो.

संदर्भासाठी आधी मराठी विश्वकोश. पहिला खंड १९७६ मध्ये आला, आता सगळं ऑनलाइन आहे आणि शोधता येतं. त्याच्या जोडीला श्री. व्यं. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, २३ खंडांचा. तो यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने ऑनलाइन आणला आहे. शास्त्रीय माहिती त्यात जुनी झाली आहे, पण गावं, जाती, घराणी, व्यापार यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींसाठी तो अजून उपयोगी पडतो.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीचशी प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. यात असे ग्रंथ आहेत जे दुकानात शोधून सापडत नाहीत. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या स्थळावर. कोणताही शासन निर्णय तारखेनुसार आणि विभागानुसार शासनाच्या स्थळावर. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना मी दरवेळी सांगतो: झेरॉक्सच्या दुकानातल्या ‘नोट्स’ घेण्याआधी मूळ शासन निर्णय वाचा.

साहित्यासाठी मराठी विकिस्रोत. तिथे मुक्त झालेली पुस्तकं टंकलेल्या स्वरूपात आहेत, म्हणजे आत शब्द शोधता येतो, अक्षर मोठं करता येतं. ई साहित्य प्रतिष्ठान हयात लेखकांची पुस्तकं त्यांच्या परवानगीने मोफत देतं.

लहान मुलांसाठी ‘स्टोरीवीव्हर’. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलं. मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि परवाना इतका मोकळा आहे की श्रेय देऊन तुम्ही त्या छापून वाटू शकता, स्वतः दुसऱ्या बोलीत आणू शकता. कळव्याच्या किंवा दिघ्याच्या एखाद्या बालवाडीत आगरी बोलीतली चित्रगोष्ट वाचली जावी असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी कायद्याची वाट पूर्ण मोकळी आहे.

आणि इंटरनेट अर्काइव्ह. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकल्पातली स्कॅन केलेली पुस्तकं तिथे जतन झाली, कारण मूळ स्थळ नंतर बंद पडलं. त्यात जुनी मराठी पुस्तकं खूप आहेत. अडचण अशी की नोंदी रोमन लिपीत, मनाला येईल तशा स्पेलिंगने केल्या आहेत. देवनागरीत शोधलंत तर पुस्तक असूनही दिसत नाही. रोमनमध्ये दीर्घ स्वर दोनदा लिहून पाहा, लेखकाचं फक्त आडनाव टाकून पाहा. नाहीच जमलं तर आम्हाला सांगा, हे शोधणं हे आमचं काम आहे. भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, जे आयआयटी खरगपूर चालवतं, तिथेही मोफत नोंदणी करून शोधता येतं.

एक सूचना: वरच्या कोणत्याही ठिकाणी पुस्तक दिसलं म्हणजे ते मुक्तच असेल असं धरू नका. सरकारी प्रकल्पातही हक्क न तपासता स्कॅन झालेली पुस्तकं आहेत. पुढे छापायचं असेल तर आधीच्या उत्तरातला हिशेब स्वतः करा.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं. आता सगळ्यांना शोधपत्रिका फुकट ना?

नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ही योजना सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्थांसाठी आहे. ३० प्रकाशकांच्या सुमारे १३ हजार पत्रिका तिथल्या विद्यार्थ्यांना मिळतात. सार्वजनिक वाचनालयाचा सभासद त्यात येत नाही. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये खर्च होत असताना जिल्हा ग्रंथालयात एखादा तरी संगणक त्या जाळ्यात असायला हवा होता. निवृत्त शिक्षक, गावचा डॉक्टर, स्वतंत्र अभ्यासक यांना हे दार बंद आहे आणि ते उघडावं.

तोपर्यंत ‘शोधगंगा’ वापरा. विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे सर्वांना खुले आहेत. ठाणे खाडी, मिठागरं, कोळी समाज, उपनगरी रेल्वे अशा विषयांवर शोधून पाहा. मराठी विभागांचे प्रबंध मराठीत आहेत.

‘खुली माहिती’ म्हणजे ओपन डेटा. त्याचा वाचनालयाशी काय संबंध?

सरकारने जमवलेली आकडेवारी लोकांना वापरता येईल अशा स्वरूपात द्यायची, हे धोरण केंद्राने २०१२ मध्ये स्वीकारलं आणि त्यातून डेटा डॉट गव्ह डॉट इन हे स्थळ सुरू झालं. २०१७ मध्ये त्यासाठी परवाना आला: स्रोताचं श्रेय द्या आणि वापरा, धंद्यासाठीही. कागदावर हे फार चांगलं आहे. पण आकडा मिळणं आणि आकडा कळणं यात अंतर आहे, आणि ते अंतर कमी करायला कुणीतरी माणूस लागतो.

उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं घ्या. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ आहे. त्या वेळी देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. आता कुणी विद्यार्थी २०११ चा हा आकडा घेऊन आजच्या ठाणे जिल्ह्याच्या दवाखान्यांशी भागाकार करतो आणि प्रकल्पात लिहितो की दर दवाखान्यामागे इतके लोक. त्यात वसई-विरार, डहाणू, जव्हार, मोखाडा सगळे मोजलेले असतात. आकडा सरकारी, गणित बरोबर, निष्कर्ष साफ चुकीचा. तालुक्यांचे आकडे घेऊन आजच्या हद्दीप्रमाणे बेरीज करणं हा त्यावरचा उपाय, आणि तालुकानिहाय तक्ते उपलब्ध आहेत.

नवी मुंबईचं याहून गुंतागुंतीचं आहे. “नवी मुंबईची लोकसंख्या किती?” असं विचारलं की मी आधी विचारतो, कुठली नवी मुंबई? दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची महानगरपालिका ठाणे जिल्ह्यात आहे. शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, म्हणजे सिडकोची, नवी मुंबई त्याहून मोठी, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवरची. खारघर-कामोठे पत्त्यात नवी मुंबई लिहितात, पण २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहेत आणि जिल्हा रायगड. २०११ च्या तक्त्यांत तर ‘नवी मुंबई पनवेल रायगड’ अशी एक स्वतंत्र जनगणना-नगराची (नगरपालिका नसूनही जनगणनेत शहर धरलेल्या भागाची) ओळ आहे. ती बेरजेत धरायची की नाही हे तुमचा प्रश्न काय आहे यावर ठरतं. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ते आकडे आले की जुन्या-नव्याची तुलना करताना हद्दींचा हा घोळ आणखी वाढेल, म्हणून संदर्भ विभागात आम्ही हद्दी केव्हा बदलल्या याची टिपणं आतापासून ठेवतो आहोत.

आणखी एक. अनेक कार्यालयं अर्थसंकल्प किंवा प्रभागनिहाय खर्च संकेतस्थळावर टाकतात, पण कागद स्कॅन करून, तिरक्या पानांच्या पीडीएफमध्ये. त्यात शोधता येत नाही, बेरीज करता येत नाही. माहितीचा अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कार्यालयांनी माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. ती तक्त्याच्या फाइलमध्ये, म्हणजे सीएसव्ही किंवा स्प्रेडशीटमध्ये, मागण्याची सवय नागरिकांनी लावावी. अर्ज कसा लिहायचा ते आम्ही दाखवतो.

तुमच्या ऑनलाइन सूचीत पुस्तक सापडत नाही, पण कपाटात असतं. असं का?

तक्रार खरी आहे, आणि बहुतेक मराठी वाचनालयांत ती असते. मुख्य कारण फाँट. पंधरा-वीस वर्षांपूर्वी अनेक वाचनालयांनी दाखल नोंदवह्या संगणकावर उतरवल्या त्या श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये. त्या फाइलमध्ये आतून मराठी अक्षरं नसतात, भलतीच चिन्हं असतात. फाँट असेल तोवर मराठी दिसतं, फाँट गेला की कचरा. ते सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षर-संकेतांत, आणावं लागतं, आणि रूपांतर करताना रफार, वेलांट्या, जोडाक्षरं हमखास बिघडतात. मग एकेक नोंद डोळ्यांखालून घालावी लागते.

युनिकोडमध्ये आलं तरी अडचण संपत नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन वेगळ्या प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘अॅ’चंही तसंच. वाचक एका पद्धतीने शोधतो, नोंद दुसऱ्या पद्धतीची, उत्तर येतं ‘सापडले नाही’. लेखकांच्या नावांचीही तीच कथा: एकाने ‘साने गुरुजी’ नोंदवलं, दुसऱ्याने ‘साने, पांडुरंग सदाशिव’. दोन्ही नावं एका माणसाला जोडणारी नामसूची करावी लागते. हे काम कुणाला दिसत नाही, उद्घाटनाला फीत कापता येत नाही, आणि म्हणूनच ते मागे पडतं. माझ्या मते नव्या संगणकांआधी याला माणूस आणि पैसा मिळायला हवा.

झालेली सूची वाचनालयांनी खुली करावी, हेही सांगतो. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल यात गुपित काहीच नाही. ठाणे जिल्ह्यातल्या दहा वाचनालयांनी आपापल्या सूच्या मुक्त परवान्याने दिल्या तर एक जोडसूची होईल. मग डोंबिवलीतल्या वाचकाला कळेल की त्याला हवं असलेलं १९३० सालचं पुस्तक ठाण्यात एकाच ठिकाणी उरलं आहे.

ठाण्यातल्या वाचनालयांनी स्कॅनिंग कशाला करावं? मोठ्या संस्था करताहेत की.

मोठ्या संस्था मोठी पुस्तकं करतात. केशवसुत, हरिभाऊ आपटे, गडकरी यांना आता काही होणार नाही, त्यांच्या प्रती जगभर आहेत. ठाण्याचं आणि नवी मुंबईचं मात्र ठाण्यालाच करावं लागेल, कारण ते दुसरीकडे नाहीच.

याला आपल्याकडे परंपरा आहे. वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी १ जून १८९३ ला ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं ते फक्त मराठी ग्रंथ जमवायचे या हेतूने. छापलेला प्रत्येक मराठी ग्रंथ एका जागी असावा ही त्या काळी फार मोठी झेप होती. त्याच संग्रहातली दुर्मिळ पुस्तकं पुढे डिजिटल झाली. जमवायचं राहून गेलं ते पुस्तक नसलेलं साहित्य: मंडळांच्या स्मरणिका, शाळांची हस्तलिखितं आणि वार्षिकांक, स्थानिक साप्ताहिकं, नाट्यप्रयोगांच्या जाहिराती, कामगार संघटनांची पत्रकं.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या प्रकल्पग्रस्तांच्या कागदांची. सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. जमीन संपादनाच्या नोटिसा, गावकीच्या सभांचे ठराव, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनाची पत्रकं, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच जणांचा बळी गेला त्यानंतरच्या शोकसभांची आणि स्मृतिदिनांची पत्रकं, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेचे अर्ज. आज ज्या शहरात लाखो लोक राहतात त्याच्या जन्माचे हे कागद आहेत, आणि ते घराघरांत ट्रंकेत आहेत. २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्यावरच्या घरांतलं किती गेलं असेल याचा अंदाजही करवत नाही. उरलेल्याला वाळवी आणि कसर लागते आहे. धवलगीतं, म्हणजे लग्नविधींची गाणी, आणि लग्नातली इतर गाणी वह्यांत उतरवून ठेवणाऱ्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. हे येत्या काही वर्षांत झालं नाही तर नंतर करता येणार नाही.

घरी अशा स्मरणिका, पत्रकं, वह्या आहेत. द्यायच्या असतील तर?

काही फेकू नका, काही चिकटवू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका. पिना काढा, कारण त्या गंजतात. प्रत्येक कागदामागे पेन्सिलने लिहा: कुणाकडचा, कुठल्या गावचा, अंदाजे कुठल्या सालचा. फोटोतली माणसं ओळखणारं कुणी घरात असेल तर आजच नावं लिहून घ्या.

कागद आम्हाला कायमचे द्यायलाच हवेत असं नाही. स्कॅन करून परत देतो. दर इंचाला ३०० बिंदू, बारीक अक्षर असेल तर ४००. मूळ फाइल टिफ स्वरूपात, वाचायला पीडीएफ, आणि एक प्रत वाचनालयाच्या इमारतीबाहेर. बांधणी नाजूक असेल तर पुस्तक सपाट दाबत नाही, व्ही आकाराच्या पाळण्यात ठेवून वरून फोटो घेतो.

परवानगीचं नीट समजून घ्या. कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने वाचनालयांना सोय मिळाली आहे: ज्याची छापील प्रत आपल्याकडे आहे ते साहित्य जतन करण्यासाठी डिजिटल स्वरूपात साठवता येतं. साठवणं म्हणजे इंटरनेटवर टाकणं नव्हे. १९८४ मधल्या एखाद्या निनावी पत्रकावरचा हक्कसुद्धा २०४४ संपेपर्यंत टिकतो. म्हणून ज्या समितीने किंवा मंडळाने ते काढलं त्यांच्या आजच्या पदाधिकाऱ्यांकडून लेखी परवानगी घ्यावी लागते. दिवाळी अंकांत तर प्रत्येक लेखकाचा हक्क वेगळा. परवानगी नसेल तर आम्ही स्कॅन जपून ठेवतो आणि वाचनालयात बसून पाहू देतो. ऑनलाइन टाकत नाही.

गाण्यांच्या वह्या आणि आवाजातली ध्वनिमुद्रणं घेताना गाणाऱ्या बाईंचं नाव नोंदवायचं की नाही हे त्याच ठरवतील, त्यांची मुलं किंवा आम्ही नाही.

स्कॅन झाल्यावर मूळ पुस्तक रद्दीत काढता का?

नाही, कधीच नाही.

मला दिसत नाही. स्कॅन केलेल्या पुस्तकांचा मला काय उपयोग?

पानाचा नुसता फोटो असेल तर काहीच नाही, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या पडदावाचक प्रणालीला त्यातलं अक्षरही कळत नाही. म्हणूनच टंकलेला मजकूर हवा. मोफत मिळणारी एनव्हीडीए ही प्रणाली मराठी आवाजात मजकूर वाचते.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१२ पासून दिव्यांग वाचकांसाठी सुलभ स्वरूपात प्रत करायला हक्कधारकाची परवानगी लागत नाही, कॉपीराइट असलेल्या पुस्तकांसाठीसुद्धा. दृष्टिहीनांसाठीच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात नोंदणी करा. हवं ते मराठी पुस्तक तिथे नसेल तर आम्हाला कळवा.

मी काय वाचतो ते तुमच्या संगणकात राहतं. ते कोण पाहतं?

पुस्तक तुमच्याकडे असेपर्यंत नोंद लागते. परत आल्यावर तुमचं नाव आणि पुस्तक यांचा संबंध जपून ठेवायची गरज नाही, आणि कोहासारख्या प्रणालीत तो पुसायची सोय आहे. प्रत्येक वाचनालयाने ती वापरावी. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, म्हणून बालविभागाचा अर्ज आता थोडा लांबला आहे. सभासद काय वाचतो हे आम्ही त्याच्या घरच्यांनाही सांगत नाही. आधारची झेरॉक्स कुणी मागितली तर कशासाठी हे जरूर विचारा. पत्त्याचा दुसरा पुरावा चालायला हवा.

आईबाबांना फोनवर वाचता येत नाही. आता छापील पुस्तकं कमी होणार का?

आमच्याकडे नाही. दिवाळी अंकांची योजनाही चालू राहील.

या सगळ्याला पैसे कुठून येतात?

शासनमान्य वाचनालयांना १९६७ च्या राज्य ग्रंथालय कायद्याखाली वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळतं. त्यातलं बहुतेक पगार आणि पुस्तकांत जातं. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून पुस्तकं आणि आधुनिकीकरणासाठी मदत मिळू शकते. बाकी वर्गणी आणि देणग्या. देणगी देताना “संगणकासाठी” असं लिहिण्याऐवजी “नोंदी तपासण्याच्या मानधनासाठी” असं लिहिलंत तर फार उपयोग होईल.

मला वेळ आहे, पैसे नाहीत. काय करू?

मराठी विकिस्रोतावर मुद्रितशोधन करा. स्कॅन केलेलं पान एका बाजूला, संगणकाने ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला. न तपासलेली पानं लाल, एकाने तपासलेली पिवळी, दुसऱ्यानेही तपासलेली हिरवी. घोडबंदर रोडवरून ठाणे स्टेशनला यायला जितका वेळ लागतो तितक्यात दोन-तीन पानं होतात. निवृत्त शिक्षक हे काम उत्तम करतात. शाळांनीही आठवी-नववीच्या मुलांना द्यावं.

सुरुवात गद्यापासून करा, कवितेच्या ओळी मांडायला वेळ लागतो. संगणक ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांत फसतो, तिथे लक्ष ठेवा. आणि सवयीने शुद्धलेखन सुधारायला जाऊ नका. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांत ‘घरांत’, ‘कां’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असतात. ते लेखकाने दिलेले आहेत, जसे आहेत तसेच ठेवायचे.